प्रतिसाद : दोन वर्षांची पदवी आणि तुरुंगसेवा

तांत्रिक महाविद्यालयातील फौजदारी न्यायाची दोन वर्षांची पदवी पोलिसांत जाणाऱ्यांनाच उपयोगी पडते, हे मत मला पटत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यापुरते बोलायचे, तर तेथे पोलीस अधिकाऱ्याला नोकरीच्या पहिल्या 5 वर्षांत 60 महाविद्यालयीन श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करावे लागतात आणि त्यासाठी ही पदवी कामी येते, हे खरेच आहे. परंतु तुरुंगसेवेतही ती तितकीच उपयोगी पडते. मात्र काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) तुरुंग शेरीफकडे, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाकडे, आणि राज्याचे कारागृह सुधारसेवा विभागाकडे असल्यामुळे या दोन्ही ठिकाणच्या नोकऱ्यांचे प्रशिक्षणही वेगवेगळे असते, आणि हा फरक प्रवेशापूर्वीच समजून घेणे फार आवश्यक आहे. माझी मुलगी हा अभ्यासक्रम शिकली, तेव्हा अहवाललेखनाच्या तासाला ‘कैदी आक्रमक झाला’ हे वाक्य शिक्षक खोडून टाकीत आणि त्याने मूठ वळली, दारावर लाथ मारली, असे प्रत्यक्ष दिसले तेवढेच लिहायला लावीत. कोठडीत बळाचा वापर झाला, तर पुढे न्यायालयात हाच कागद तपासला जातो.