मदत हवी आहे : पुढचे दोन दात तुटलेत, कॉम्पोझिट करावं की व्हिनिअर?

नमस्कार मंडळी,

माझी १४ वर्षांची मुलगी गेल्या आठवड्यात सायकलवरून तोंडावर पडली आणि वरचे मधले दोन्ही दात तुटले. उजव्याचा नुसता कोपरा उडालाय, डाव्याचा मात्र जवळजवळ तिसरा हिस्सा तिरका गेलाय. डाव्याचा तुकडा सापडला, तो पाण्यात ठेवलाय. एक्स-रेत मुळं शाबूत आहेत, दात हलत नाहीत, नस उघडी पडलेली नाही. आतलं डेंटिन (दाताच्या कठीण आवरणाखालचा थर) उघडं पडल्यामुळे गार पाण्याने कळ जायची, तात्पुरतं सिमेंट लावल्यावर ती थांबली.

दोन डेंटिस्टना दाखवलं. एक म्हणतात, दोन्ही दातांना व्हिनिअर (दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच) करून टाका. दुसरे म्हणतात, डाव्याचा तुकडाच परत चिकटवू आणि उजव्याचा कोपरा कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) भरू.

मला दुसऱ्यांचं पटतंय. व्हिनिअरसाठी साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, घासतात, आणि घासलेलं इनॅमल काही परत येत नाही. या वयात हिरडीची कडही अजून वर सरकायची असते, मग आज बसवलेल्या व्हिनिअरची कड उद्या उघडी पडली तर?

पण धाकधूक आहेच. तिच्या दातांची खालची कड जराशी निळसर, आरपार दिसणारी आहे. ती कॉम्पोझिटमध्ये जमते का? चिकटवलेल्या तुकड्याची रेघ दिसते का? ती बोलताना सारखा वरचा ओठ खाली ओढून धरते, बघवत नाही. ज्यांनी हे करून घेतलंय त्यांनी किंवा जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :

ताई, मी डेंटिस्ट आहे. तुमचा कल योग्य वाटतो. तुकडा नीट बसत असेल तर त्याच्याइतका हुबेहूब रंग कुठलंच मटेरियल देत नाही. तो ओलाच ठेवा, सुकला की पांढुरका पडतो. रेघ राहिलीच तर वरून कॉम्पोझिटचा पातळ थर देऊन बरीचशी लपवता येते.

उजव्या दातासाठी एकच शेड वापरू नका म्हणावं. आत डेंटिनची अपारदर्शक शेड, त्यावर इनॅमलची, आणि कडेला पारदर्शक. तुम्ही म्हणता ती निळसर झाक अशीच येते. शेड मात्र दात ओला असतानाच, काम सुरू करण्याआधी ठरवायला हवी. तुटलेल्या कडेला थोडा उतार दिला की जोड डोळ्यांना कळत नाही.

कॉम्पोझिट काही वर्षांनी निस्तेज होतं, कधी टवका उडतो, पण पॉलिश किंवा डागडुजी करता येते. व्हिनिअरचा पर्याय ती मोठी झाल्यावरही खुला राहतोच.

एक गोष्ट मात्र टाळू नका : ६ ते ८ आठवड्यांनी आणि पुन्हा १ वर्षाने नस जिवंत आहे का ते तपासून एक्स-रे काढा. मार लागलेल्या दाताची नस उशिराही मरू शकते. मध्येच दात करडा पडला, हिरडीवर पुळी आली किंवा चावताना दुखलं, तर तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.