रक्तातच आहे म्हणून हात झटकायचे?

रानवारा: बायपोलरबद्दल, म्हणजे तेजी-उदासीच्या मानसिक आजाराबद्दल, अर्धविराम यांनी परवा लिहिलं, "बायपोलर आणि दारू एकाच जनुकातून येतात, सोडवायला जाणं व्यर्थ." वाचून रात्रभर तळमळले. असं एकच जनुक नसतं हो! २०२१च्या मोठ्या अभ्यासात बायपोलरशी निगडित जनुकसंचातल्या ६४ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता जुळ्यांच्या अभ्यासांत साधारण ५० टक्के येते. म्हणजे माझ्या बाबांचं निम्मं व्यसन तरी सोडवण्यासारखं होतंच ना?

अर्धविराम: ५० टक्के म्हणजे एका माणसाचं निम्मं व्यसन नव्हे. समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचं ते माप आहे. आणि दोन्हींची जनुकीय मुळं काही अंशी सामाईक आहेत, हे तुम्हीही नाकारत नाही. आमच्या घरी आजोबा, काका, आता भाऊ. मी कुणाला दोष देऊ?

सांजवेळ: दोष राहू द्या. माझ्या नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्राने सांगितलं, "आधी मानसोपचार घ्या." मानसोपचारवाले म्हणाले, "आधी दारू सोडा." आठ महिने हेलपाटे! तेजीत झोप नाही म्हणून पितो, उदासीत जगवत नाही म्हणून पितो. आधी काय सोडायचं होतं त्याने?

टाचण: पिणाऱ्याचं मन स्थिर आहे की नाही हे कळणार कसं? दारूनेही मूड वरखाली होतो. थोडं थांबून निदान करणं चूक नाही.

सांजवेळ: थांबा म्हणणं सोपं आहे! लिथियम हे बायपोलरचं औषध चालू असताना पिऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली त्याची पातळी चढते. ते कोण बघणार होतं? दोन्ही उपचार एकत्रच हवेत.

टाचण: एकत्र हवेत, मान्य. घाईचं निदान मला अजूनही मान्य नाही.

रानवारा: मूळ मुद्दा राहिला. किती पितो आणि व्यसन लागतं का, यांची जनुकीय मुळंही पूर्ण एक नाहीत. मानसिक आजारांशी जास्त नातं व्यसनाचं आहे. म्हणून तर ज्या घरात बायपोलर आहे तिथल्या पोरांना वेळीच सांगायला हवं.

अर्धविराम: सामाईक मुळांचं म्हणणं सोडत नाही. 'व्यर्थ' तेवढं मागे घेतो. भावाचं बायपोलरचं निदान पिणं सुरू झाल्यावर बाराव्या वर्षी झालं. तोवर आम्ही त्याला नुसता दारुडा म्हणत होतो.

सांजवेळ: आता औषध घेतो का तो?

अर्धविराम: मार्चपासून घेतोय.