मदत हवी आहे: इंग्रजीतलं 'रन' पोरांना कसं शिकवू?

सांगलीत आठवीच्या मराठी मीडियमच्या पोरांची ट्यूशन घेते. 'रन' म्हणजे पळणे एवढंच त्यांना पाठ, आणि आता नाक रन होतंय, साडीचा रंग रन होतोय, मिरजेची बस रन होतेय म्हटलं की नुसती हसतात. 'चालणे' लावून बघितलं, दुकान चालतं, घड्याळ चालतं इथपर्यंत मस्त जमलं, पण नाक आपल्याकडे वाहतं आणि रंग जातो ना! डिक्शनरी नका सुचवू, ऑक्सफर्डवाल्यांनी या एकट्या क्रियापदाचे 600 च्या वर अर्थ मोजलेत. यादी पाठ करून घेतली, आठवड्यात विसरले. खरी गोची 'रन आऊट ऑफ'ची, क्रिकेटमुळे साखर संपली म्हटलं तरी त्यांना साखर बाद झाल्यासारखी वाटते 😄 क्लासमध्ये मोबाईल नाही, फळा-खडू एवढंच. तर हे आणि 'रन इन्टू', 'रन ओव्हर' लक्षात राहील असं कुणी कसं शिकवलंय?