मदत हवी आहे : टेकडीवरचं झाड आणि उगवता चंद्र एका रेषेत कसे आणायचे?

नमस्कार मंडळी,

माझ्या रोजच्या वाटेवर पूर्वेला एक लांबट टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर एकच झाड. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच्यावर वीज पडली. तेव्हापासून डावी बाजू वाळली आहे, उजवीकडे अजून पालवी येते. पानं गेल्यामुळे डावीकडची एकेक काटकी आभाळावर स्पष्ट दिसते. हे झाड अजून किती वर्षं उभं राहील सांगता येत नाही. त्याआधी मला त्याचा एक फोटो हवा आहे. पौर्णिमेचा चंद्र उगवतोय आणि त्याच्या चकतीच्या आत अख्खं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. दोन वेळा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हुकलं. कुठे चुकतंय ते कळावं म्हणून सगळे आकडे देतो.

मी ज्या बांधावर उभा राहतो तिथून झाड १.५ किलोमीटर लांब आहे. टेकडीचा माथा माझ्यापेक्षा साधारण ६५ मीटर उंच. झाडाची उंची ९ मीटरच्या आसपास, वर जाऊन मोजली आहे. चंद्राचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश, म्हणजे कोणत्याही अंतराला ११० ने भागलं की त्या अंतरावर चंद्र किती मीटर झाकेल ते मिळतं. १५०० भागिले ११० म्हणजे साडेतेरा मीटर. ९ मीटरचं झाड त्यात आरामात बसायला हवं. लेन्स ६०० मिमीपर्यंत जाते, ट्रायपॉड भक्कम आहे.

पहिली वेळ : मोबाइलवरच्या ॲपमध्ये चंद्रोदयाची दिशा पाहिली, नकाशावर झाडातून रेघ ओढली आणि रेघ बांधाला जिथे छेदते तिथे उभा राहिलो. ॲपप्रमाणे चंद्रोदय ६:४२ ला होता. चंद्राची कड टेकडीमागून दिसली ६:५५ ला, आणि तीही झाडाच्या उजवीकडे, चंद्राचे दोन व्यास मावतील एवढ्या अंतरावर. मी ट्रायपॉड उचलून पळालो, पण कुठल्या बाजूला आणि किती पळायचं हेच ठरवलेलं नव्हतं. दोन-तीन मिनिटांत चंद्र झाडाच्या वर निघून गेला. जे फोटो आले त्यांत चंद्र म्हणजे नुसती पांढरी टिकली, एकही डाग दिसत नाही.

दुसरी वेळ : पुढच्या पौर्णिमेला तीच जागा धरली आणि आधीच थोडा डावीकडे सरकून थांबलो. चंद्र उगवला तो झाडापासून भलताच लांब. हात लांब करून मूठ धरली तर जवळजवळ एका मुठीचं अंतर भरलं.

दोन वेगवेगळे फोटो जोडून करायचं नाही, हे आधीच सांगतो. ती संध्याकाळ खरोखर तशी झालेली असावी, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तुमचा अक्षांश किती? आणि ॲपमध्ये जी दिशा पाहिली ती क्षितिजावरची होती की टेकडीच्या उंचीवरची?

धागाकर्ता

अक्षांश साधारण २० उत्तर. दिशा चंद्रोदयाच्या क्षणाची होती, म्हणजे क्षितिजावरचीच असणार. फरक पडतो का?

प्रतिसाद १

सगळा फरक तिथेच आहे. ६:४२ आणि ६:५५, ही तेरा मिनिटं बघा. ॲप सपाट क्षितिज धरून चालतं. तुमच्यापुढे टेकडी आहे. ६५ मीटर उंची आणि १५०० मीटर अंतर, म्हणजे माथा क्षितिजाच्या जवळजवळ अडीच अंश वर. तेवढं चढायला चंद्राला तेरा मिनिटं लागली.

आता गंमत अशी की चंद्र सरळ वर चढत नाही. विषुववृत्तावर जवळजवळ उभा चढतो, आपण जसजसे उत्तरेला जातो तसतसा उजवीकडे कलून चढतो. वीस अक्षांशावर एक अंश वर गेला की तो सुमारे ०.३६ अंश उजवीकडे सरकतो. त्यात क्षितिजाजवळचं वक्रीभवन धरा. अगदी क्षितिजावर हवा चंद्राला अर्ध्या अंशाहून जास्त उचलून दाखवते, अडीच अंशांवर ते जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणून खरी चढण दिसते त्यापेक्षा थोडी जास्तच असते. सगळं मिळून झाडाच्या उंचीवर येईपर्यंत चंद्र एक अंश किंवा किंचित जास्त उजवीकडे गेलेला असतो. एक अंश म्हणजे चंद्राचे दोन व्यास. तुम्ही डोळ्यांनी नेमकं तेच मोजलंत.

उपाय सोपा आहे. चंद्रोदयाचा दिगंश बघूच नका. चंद्राचा उन्नतांश २.६ असताना, म्हणजे झाडाच्या मध्याशी, त्याचा दिगंश किती ते बघा. (दिगंश म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेली दिशा, उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची उंची.) स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात आपली जागा टाकायची, वातावरण चालू ठेवायचं आणि वेळ मिनिटामिनिटाने पुढे सरकवायची. मग त्या दिगंशाची रेघ झाडातून मागे ओढा.

दीड किलोमीटरवर एक अंश म्हणजे २६ मीटर. त्या दिवशी तुम्ही डावीकडे, म्हणजे उत्तरेला, २६ मीटर सरकला असतात तर जमलं असतं. आपण डावीकडे सरकलो की झाड चंद्राच्या मानाने उजवीकडे सरकतं. ही दिशा कागदावर एकदा काढून पाठ करा, आयत्या वेळी हमखास उलटी होते.

प्रतिसाद २

दुसऱ्या वेळचं उत्तर मी देतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून उन्हाळ्यात तो दक्षिणेकडे झुकून उगवतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. विषुवदिनाच्या आसपास एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत उगवायची जागा दहा-बारा अंश सहज हलते. तुमच्या मुठीचा हिशोब त्याच्याशी जुळतो, हात लांब केल्यावर मूठ साधारण दहा अंशांची असते. म्हणजे बांधावर जवळजवळ पावणेतीनशे मीटरचा फरक. वर १८.६ वर्षांचं एक चक्र आहे. त्यात चंद्राची टोकाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, ते) साधारण साडेअठरा अंशांपासून साडेअठ्ठावीसपर्यंत बदलते, आणि २०२४-२५ मध्ये ती कमाल होती. त्यामुळे ‘गेल्या वर्षी या महिन्यात इथे होता’ हेही चंद्राच्या बाबतीत चालत नाही. प्रत्येक वेळी जागा नव्याने काढायची.

मोबाइलच्या होकायंत्रावर मात्र विसंबू नका. तो चारपाच अंश इकडेतिकडे दाखवतो आणि तुम्हाला एक अंशही परवडत नाही. मी ताऱ्याने मोजतो. कुठल्याही रात्री बांधावर उभं राहून एखादा तेजस्वी तारा बरोबर झाडामागून निघताना टिपायचा आणि वेळ सेकंदासकट लिहायची. त्या क्षणी त्या ताऱ्याचा दिगंश आणि उन्नतांश स्टेलॅरियममध्ये बघितला की झाडाची अचूक दिशा आणि उंची दोन्ही हातात येतात. तारा रोज त्याच जागी येतो, फक्त जवळपास चार मिनिटं आधी. चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे यासाठी फार चांगले. त्यातला सगळ्यात आधी उगवणारा जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतो, त्यामुळे तुमची पूर्व दिशाही तपासून होते.

प्रतिसाद ३

पांढऱ्या टिकलीबद्दल. कॅमेरा ऑटोवर होता ना? फ्रेममध्ये काळी टेकडी जास्त असल्यामुळे कॅमेऱ्याने उजेड वाढवला आणि चंद्र जळाला. चंद्रावर थेट ऊन पडलेलं असतं हे लक्षात ठेवा. पूर्ण चंद्र डोक्यावर असताना आयएसओ १००, एफ ११, सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असल्याने दोन-तीन स्टॉप कमी उजेड येतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मॅन्युअलवर जा, एफ ८, आयएसओ ४०० आणि सेकंदाचा १२५वा भाग इथून सुरुवात करा. चकतीतले डाग जळणार नाहीत तिथपर्यंतच वाढवा. झाड काळं येऊ द्या, तुम्हाला त्याची आकृतीच हवी आहे.

दिवस निवडताना ‘पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा’ असं सगळे सांगतात. ते सपाट क्षितिजाला ठीक. तुमच्याकडे तेरा मिनिटांचा उशीर आहे. चंद्र झाडाशी येईल तेव्हा सूर्य मावळून दहा ते वीस मिनिटं झालेली असतील अशी संध्याकाळ शोधा. फार आधी चंद्र निळ्या आभाळात फिकट पडतो, फार नंतर टेकडी आणि आभाळ एकच काळं होतं.

फोकस झाडावर, उजेड असताना, आणि मग तो लॉक. दीड किलोमीटरवर ६०० मिमीलाही एफ ८-११ वर झाड आणि चंद्र दोन्ही पुरेसे स्पष्ट येतात.

आणि वेळेचा हिशोब करून जा. झाड ०.३४ अंश, चंद्र ०.५२ अंश. उरलेली जागा ०.१८ अंश. चंद्र तेवढं अंतर पाऊण मिनिटात ओलांडतो. अख्खं झाड चकतीत असण्याचा काळ एवढाच.

प्रतिसाद ४

दोन फोटो जोडायचे नाहीत हे वाचून फार बरं वाटलं. खऱ्या फोटोत काळ कसा कोरलेला राहतो याचं एक उदाहरण आठवलं. १९४१ साली अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सनं न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. प्रकाशमापक सापडेना, सूर्य मावळत होता आणि खालच्या दफनभूमीतल्या क्रॉसांवरचं ऊन जायला आलं होतं. चंद्राचं तेज किती असतं हा आकडा त्याच्या लक्षात होता, त्यावरून त्यानं एक्स्पोजर काढलं. दुसरी प्लेट घेईपर्यंत ऊन गेलं. पुढे त्याला स्वतःलाच तारीख आठवेना. पन्नास वर्षांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित उलटं करून खगोलाभ्यासकांनी १ नोव्हेंबर १९४१ हा दिवस ठरवला, दुपारी ४:४९ या वेळेसकट. तुमच्या झाडाच्या फोटोवरूनही कुणाला कधीतरी ती संध्याकाळ शोधता येईल. जोडलेल्या फोटोवरून नाही येणार.

प्रतिसाद ५

सूर्य घेऊन का नाही करत? सूर्य एका दिशेला वर्षातून दोनदा हमखास येतो, अयनदिनाच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्या अंतरावर. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधले रस्ते पूर्व-पश्चिम रेषेपासून २९ अंश फिरलेले आहेत, म्हणून तिथे मावळता सूर्य मे अखेर आणि जुलैच्या मध्याला बरोबर रस्त्याच्या टोकाशी येतो. तुमची जागा बदलावी लागणार नाही.

धागाकर्ता

सूर्याचं सुचवलंत त्याबद्दल आभार. पण ६०० मिमीतून सूर्याकडे बघायची माझी हिंमत नाही, आणि सूर्याच्या झगमगाटात त्या बारीक काटक्या विरून जातील असं वाटतं. चंद्रच करतो. काय झालं ते इथेच कळवेन.

धागाकर्ता (काही आठवड्यांनी)

मंडळी, काल संध्याकाळी गेलो होतो.

आधी तीन रात्री ताऱ्यावरून झाडाची उंची आणि दिशा मोजली. बुंधा २.४ अंशांवर निघाला, म्हणजे माथा ६५ नाही, ६३ मीटरच उंच असावा. मग स्टेलॅरियममधून जागा काढली आणि बांधावर पाच-पाच मीटरवर पाच खुंट्या ठोकल्या. एक खुंटी सरकलं की चंद्र झाडामागे साधारण एकतृतीयांश व्यास हलतो, हे दिवसाच कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. मधल्या खुंटीवर ट्रायपॉड लावला, झाडावर फोकस करून लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी लावली.

आधी टेकडीची कड एका ठिकाणी तांबूस झाली. मग कड आली, झाडाच्या बुंध्याशीच, पण जरा उजवीकडे. कागद बघायची गरज पडली नाही. ट्रायपॉड उचलून डावीकडच्या खुंटीवर गेलो. परत डोळा लावला तेव्हा झाड मधोमध होतं. चंद्र खालून किंचित चपटा, गडद केशरी. वाळलेल्या फांदीच्या बेचक्यात एक घरटं आहे हे मला काल कॅमेऱ्यातून पहिल्यांदा कळलं. नऊ फोटो निघाले. मग बुंध्याच्या बाजूला काळं आभाळ दिसायला लागलं आणि चंद्र वर सुटला.

नऊपैकी तीन फोटोंत झाड पूर्ण आत आहे. डागही दिसतात. प्रतिसाद १, २ आणि ३, तुमचे किती आभार मानू कळत नाही.

एकच गोष्ट खटकते. दिवसभर तापलेल्या जमिनीवरच्या हवेने बारीक काटक्यांच्या कडा वितळल्यासारख्या आल्या आहेत, घरटं तर नुसता ठिपका. यावर काही करता येईल का?

प्रतिसाद २

पहाटे करा. रात्रभर जमीन निवलेली असते, हवा पुष्कळ शांत मिळते. पौर्णिमेनंतरच्या सकाळी चंद्र पश्चिमेला मावळतो, तेव्हा तुम्हाला टेकडीच्या पलीकडे, पूर्वेला उभं राहावं लागेल. कलही उलट धरा. मावळताना तो वरून खाली येतो, पण सरकतो उजवीकडेच, यावेळी उत्तरेला.

धागाकर्ता

पलीकडे ओढ्याकाठी मोकळी जागा आहे, उद्या सकाळी बघून येतो. तिकडून वाळलेली बाजू उजवीकडे येईल.