मदत हवी आहे: जुने व्हिडिओ फोटो लायब्ररीत येतच नाहीत, व्हीएलसी प्लेअरमध्ये मात्र चालतात

पावसाळी_चप्पल

मंडळी, तीन रविवार यातच गेले, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

घरातले सगळे जुने फोटो-व्हिडिओ एका जागी आणायचं ठरवलं. सीड्या, दोन पेनड्राइव्ह, एका मेलेल्या लॅपटॉपची हार्डडिस्क, सगळं एका डिस्कवर ओतलं आणि फोटो लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला लागलो. फोटो निमूट आले. व्हिडिओ २१४ होते, त्यातले १३१ आले. उरलेल्या ८३ साठी एकच ओळ: ‘काही फाइल्स आयात करता आल्या नाहीत’. कुठल्या, का, काही नाही. यादी मी हाताने ताडून काढली.

४६ एव्हीआय आहेत, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या. २९ एमटीएस, मामाच्या हँडीकॅमवरच्या, २०१० मधल्या. आणि ८ थ्रीजीपी, बटणांच्या फोनवरच्या.

करून पाहिलेलं: मशीन बंद-चालू, नवी रिकामी लायब्ररी, पाच-पाचच्या गठ्ठ्याने आयात. एमटीएसचं नाव बदलून एमपीफोर केलं, तरी तेच. डिस्कवर जागा भरपूर आहे.

यातल्या एमटीएस फाइल्स म्हणजे आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. आत्या ओवाळायला लागते, वाऱ्याने निरांजन विझतं आणि आजोबा पाटावर बसल्या बसल्या खिशातून काडेपेटी काढून देतात. पुढच्या महिन्यात आत्या येतेय, तिला हे दाखवायचंय. काय करू?

रिकामा_डबा

फोल्डरमध्ये ठेवा की सरळ. लायब्ररीचा अट्टहास कशाला?

पावसाळी_चप्पल

फोल्डरमध्येच पंधरा वर्षं पडून होते हो. त्या दिवसाच्या फोटोंशेजारी दिसले तर कोणी बघेल.

निवृत्त_शूटिंगवाला

नाव बदलून काही होत नाही दादा. आमच्याकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी असते, तशातली गत. एव्हीआय, एमटीएस, एमपीफोर हे नुसते डबे. आत चित्र कुठल्या कोडेकचं, म्हणजे दाबून साठवायच्या पद्धतीचं, आणि आवाज कुठल्या, ते वेगळं. व्हीएलसी हे सगळं उलगडणारे स्वतःचे डिकोडर बरोबर घेऊन फिरतं, म्हणून त्यात काहीही चालतं. लायब्ररीची सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमला जे येतं तेवढंच घेतात, आणि नव्या सिस्टिमांनी जुने कोडेक सोडून दिलेत.

फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं मीडियाइन्फो फुकट मिळतं. प्रत्येक प्रकारातली एकेक फाइल त्यात टाका आणि काय दिसतं ते लिहा. आणि आधी शून्य बाइटच्या फाइल्स आहेत का बघा. सीडीवरून उतरवताना हे हमखास होतं.

पावसाळी_चप्पल

एव्हीआय: मोशन जेपेग, आवाज पीसीएम, ६४० बाय ४८०.
एमटीएस: एव्हीसी, आवाज एसी-३, १९२० बाय १०८०, इंटरलेस्ड.
थ्रीजीपी: एच.२६३, आवाज एएमआर, १७६ बाय १४४.

दोन एव्हीआय खरंच शून्य बाइटच्या निघाल्या! आणि एका थ्रीजीपीचं फक्त नाव आणि आकार दिसतो, बाकी काही नाही.

निवृत्त_शूटिंगवाला

मग सोपं आहे. मूळ फाइल्सना हात लावू नका, प्रतीवर काम करा.

एमटीएसमधलं एव्हीसी म्हणजेच एच.२६४, म्हणजे चित्र नव्याने बनवायची गरज नाही. एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनाला सांगायचं: चित्र जसंच्या तसं कॉपी, आवाज तेवढा एएसी, डबा एमपीफोर. एका फाइलला मिनिटभरही लागत नाही. पण तुमचं चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर तेवढ्या फाइल्स हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून, रेघा घालवणारं डीइंटरलेस चालू ठेवून काढा. लग्नाच्या शूटिंगमध्ये या रेघांनी माझा जीव खाल्लाय.

हँडीकॅम लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतो. २ जीबीच्या आसपासच्या, ओळीने क्रमांक असलेल्या फाइल्स असतील तर तो एकच प्रसंग आहे. एमटीएसची जात अशी की तुकडे एकामागे एक चिकटवले तरी चालतात. आधी चिकटवा, मग एमपीफोर करा. उलट केलंत तर सांध्यावर आवाज अडखळू शकतो.

एव्हीआय आणि थ्रीजीपी मात्र नव्याने एन्कोड करावे लागतील. हँडब्रेक, एच.२६४, आरएफ हा दर्जाचा आकडा १८ ते २०. आकडा कमी तेवढं चित्र चांगलं. मोशन जेपेग फार जागा खातं, मिनिटाला १०० एमबीच्या पुढे, त्यामुळे नवी फाइल बरीच आटलेली दिसेल. घाबरू नका. थ्रीजीपीचं चित्र टपाल तिकिटाएवढं आहे, ते मोठं करायच्या फंदात पडू नका.

कोकणी_वाघळू

तारखेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रूपांतर केलं की फाइलवर आजची तारीख बसते आणि आजोबा थेट या वर्षात येऊन पडतात. एक्झिफटूल या फाइलमधली माहिती वाचणाऱ्या साधनाने मूळ एमटीएसमधली चित्रणाची तारीख वाचता येते आणि नव्या एमपीफोरमध्ये लिहिता येते. मूळ एमटीएसमध्ये किंवा एव्हीआयमध्ये ते लिहू शकत नाही, म्हणून हे रूपांतरानंतरच. एव्हीआयच्या शेजारी त्याच नावाची टीएचएम फाइल असेल तर कचरा समजून पुसू नका. ती छोटी जेपेग असते आणि तारीख तिच्यातही सापडते.

मी खाल्लेली ठेच: एमपीफोरमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, धरलेली असते. मी सरळ भारतीय वेळ लिहिली, सॉफ्टवेअरने तिच्यात साडेपाच तास मिळवले आणि रात्री आठचं गणपती विसर्जन दुसऱ्या दिवशी पहाटे दीडला झालं. एक्झिफटूलमध्ये क्विकटाइमयूटीसी हा पर्याय चालू करून लिहा. आधी एकाच फाइलवर करा, लायब्ररीत घेऊन वेळ बघा, मगच बाकीच्या.

पावसाळी_चप्पल

निकाल कळवतो. एमटीएसच्या २९ च्या जोडून २१ झाल्या, सगळ्या आल्या, तारखेसकट. रेघा दोनच फाइल्समध्ये खटकत होत्या, त्या हँडब्रेकमधून काढल्या. एव्हीआय ४४ आल्या. शून्यवाल्या दोघींची मूळ सीडी वहिनीने कपाटातून शोधून काढली. कापडाने पुसून, हळू वेगाने वाचल्यावर एक उतरली, दुसरी कुरकुरतेय. थ्रीजीपी सात आल्या.

आठवी ती मुकी थ्रीजीपी. फोनची बॅटरी मध्येच गेली होती, हे आता आईला आठवतंय.

निवृत्त_शूटिंगवाला

मग शेवटी लिहिली जाणारी अनुक्रमणिकाच फाइलमध्ये नसणार. तिला मूव्ह अॅटम म्हणतात. अनट्रंक नावाचं साधन आहे, त्याला त्याच फोनची एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. तुमच्याकडे सात आहेत. एच.२६३ वर जमेलच असं नाही, पण प्रतीवर करून बघा.

पावसाळी_चप्पल

चौथा रविवार मग. ती फाइल गौरीच्या आरतीची आहे, आजी मध्येच चुकते आणि स्वतःच हसते एवढं आईला आठवतंय. बसतो आणि कळवतो.