सीपॅप मशीन चालू आहे, तरी बदलू का?

निद्रानाथ: नमस्कार मंडळी. माझं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) बरंच जुनं आहे, एकाच दाबाचं, ११ वर लावलेलं. हल्ली सुरू केलं की पडद्यावर निरोप येतो की मोटरचं ठरलेलं आयुष्य संपलं. बटण दाबलं की निरोप जातो आणि मशीन रात्रभर मुकाट चालतं. पण सकाळी तोंडाला कोरड पडलेली असते, आणि एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडला किंवा उथळ झाला तो आकडा) जो कायम ५ च्या आत असायचा तो आता ८-९ दाखवतोय. विक्रेता म्हणतो ऑटो (दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन) घ्या, सगळं सुटेल. बायको म्हणते काहीही घ्या, पण ती शिट्टी बंद करा. काय करू?

मुखवटेवाली: शिट्टी म्हटलीत तिथेच कान टवकारले. मशीनचं नंतर बघू, आधी मास्कचं कुशन काढा आणि उजेडात धरा. नाकाच्या हाडावर टेकतो तो पातळ पापुद्रा पिवळट, चिकट किंवा सुरकुतलेला दिसला तर तिथूनच हवा निसटतेय. सिलिकॉन त्वचेच्या तेलाने सैल होतं. मग आपण पट्टे आवळतो, पापुद्रा दुमडतो आणि गळती आणखी वाढते. नळी पाण्यात बुडवून फुंकून बघा, बारीक चीर असली तर बुडबुडे येतील. नंतर पूर्ण वाळवा मात्र. आणि एएचआयच्या शेजारी गळतीचा आकडा असतो, तो किती येतो ते सांगा.

रात्रीचा राजा: मी तर म्हणतो घेऊन टाका नवीन. मोटर काय सांगून बंद पडणार आहे का?

मुखवटेवाली: राजे, घ्यायला ना नाही. पण गळकं कुशन नव्या मशीनला लावलं तर शिट्टी तशीच राहील.

अर्धीझोप: मुखवटेवाली मावशींशी सहमत. थोडी भर घालतो. गळती मोठी असली की मशीनला श्वास नीट मोजताच येत नाही, त्यामुळे त्या रात्रीच्या एएचआयवर फार विसंबू नका. रेझमेड कंपनीच्या मशीनमध्ये मोठ्या गळतीची रेषा मिनिटाला २४ लिटरवर धरतात. मेमरी कार्ड असेल तर 'ऑस्कर' हे फुकट सॉफ्टवेअर वापरा, बहुतेक मशीनचं कार्ड वाचतं. त्यात श्वास अडण्याच्या घटना कोणत्या प्रकारच्या आहेत तेही दिसतं. अडथळ्याच्या असतील तर दाब कमी पडतोय: वजन वाढलंय का, उताणे झोपता का, संध्याकाळी एखादा पेग होतो का? मध्यवर्ती म्हणजे मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम न आलेल्या जास्त असतील, तर दाब वाढवून उलट बिघडू शकतं. तिथे डॉक्टरच हवेत.

ऑटोबद्दल. चांगलंच असतं, पण डब्यातून काढून ४ ते २० अशा सताड उघड्या पट्ट्यावर वापरू नका. ११ ची सवय असलेल्याला ४ वर गुदमरल्यासारखं होतं, आणि मशीन वर चढेपर्यंत दोन-चार अडथळे होऊन जातात. खालची मर्यादा डॉक्टरांकडून नीट लावून घ्या. हार्ट फेल्युअर असेल तर आपल्या मनाने ऑटो नकोच. आणि महाग तितकं गुणकारी असंही नाही. एएसव्ही (श्वासागणिक आधार बदलणारं मशीन) हा तर फार हुशार प्रकार, तरी २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ४५ टक्के किंवा कमी असलेल्या, मुख्यतः मध्यवर्ती अ‍ॅप्नियाच्या (झोपेत श्वास थांबण्याच्या) रुग्णांत त्याने हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले.

फोमग्रस्त: एक तातडीचं. मशीन फिलिप्सचं आणि जुनं असेल तर २०२१ च्या जूनमधल्या रिकॉलच्या (कंपनीने परत मागवलेल्या मशीनच्या) यादीत अनुक्रमांक आधी तपासा. आवाज दाबायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. ओझोनने साफ करणाऱ्या यंत्रांनी ती झीज वाढते. यादीत असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा, पण तोवर आपल्या मनाने उपचार थांबवू नका.

निद्रानाथ: मंडळी, मशीन त्या यादीत नाही. कुशन पिवळं पडलंच होतं, एका कडेला दुमडही होती. गळती ४० च्या आसपास निघाली. नवीन कुशन लावल्यावर ती १० च्या खाली आली, शिट्टी गेली, एएचआय पुन्हा ४ वर. कोरड मात्र थोडी आहेच.

मुखवटेवाली: म्हणजे झोपेत तोंड उघडतंय. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज. मग ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) एक-दोन घर वाढवा. तरी राहिली तर तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क लावून बघा. पेसमेकर असेल तर चुंबकाच्या चिमट्यांचा मात्र घेऊ नका.

अर्धीझोप: आणि मोटरचा निरोप विसरू नका. तो म्हणजे आजच बंद पडेल असं नाही, पण नवं मशीन आता घाईने नाही, सवडीने घ्या: डॉक्टरांना हे आलेख दाखवा, दाब नव्याने ठरवून घ्या, मग ऑटो. जुनं विकू नका, नवीन दुरुस्तीला गेलं की तेच कामाला येईल.

निद्रानाथ: असंच करतो. शेवटचा प्रश्न, आत्ताचा मास्क नव्याला बसेल ना?

मुखवटेवाली: बहुतेक बसेल, जोडणी साधारण २२ मिलिमीटरचीच असते. प्रवासाची चिमुकली मशीन मात्र वेगळी असू शकतात. आणि गरम होणारी नळी ज्या मशीनची त्यालाच चालते, ती नव्यासोबत मागून घ्या.