आखाजीचे उरलेले अन्न : किती वेळ बाहेर, किती दिवस फ्रीजमध्ये?

प्रश्न (गृहिणी, जळगाव)

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी-जावई, नातवंडे असा मोठा गोतावळा जमतो आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कटाची आमटी, वरण-भात असा स्वयंपाक अंदाजापेक्षा जास्तच होतो. वैशाखात पारा 43-44 अंशांच्या घरात असतो आणि दुपारी वीज जाते ती वेगळीच. सासूबाईंचे म्हणणे असे की, अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नये, त्यामुळे दुपारचे वरण संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहते. सकाळी ते खळखळून उकळले की चालते, असेही सगळे म्हणतात. हे कितपत बरोबर आहे? उरलेले पुरण गोठवता येते का?

उत्तर 1 (निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका, धुळे)

ताई, आधी उकळण्याविषयी लिहिते, कारण खरा धोका तिथेच आहे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असे सांगितले जाते. हवा 32 अंशांच्या वर असेल, तर ही मुदत एकाच तासाची धरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातही एवढी उष्णता असतेच. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि जे विष तयार करतात, ते नंतर फोडणीच्या कढईतही नष्ट होत नाही. हाताळणीतून अन्नात शिरणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या विषाचेही तसेच आहे. म्हणजे सकाळच्या उकळीने जिवाणू मरतील, पण रात्रभरात तयार झालेले विष तसेच राहील, आणि त्या अन्नाला आंबूस वास येईलच असे नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच की, वाफाळते मोठे पातेले फ्रीजमध्ये ठेवल्यास शेजारचे दूध-दही तापते. मात्र उपाय वाट पाहण्याचा नाही, अन्न लवकर निववण्याचा आहे. घट्ट वरण खोल गंजात राहिले, तर वरून गार लागते, पण डाव घालून ढवळले की मधून वाफ निघते. म्हणून ते दोन-तीन पसरट भांड्यांत बोट-दोन बोटे उंचीने ओतावे, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळावे आणि वाफ गेली की झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. भात ताटात पसरावा. फ्रीजचे तापमान 5 अंशांच्या आत असेल, तर बहुतेक शिजलेले अन्न तीन-चार दिवस टिकते. भात मात्र मी दुसऱ्याच दिवशी संपवते.

उत्तर 2 (घरगुती डबे पुरवणारी, भुसावळ)

पुरण उत्तम गोठते. ते चांगले आटवून, निववून, एका वेळी लागेल तेवढेच पिशवीत भरावे आणि हवा काढून चपटे थापावे, म्हणजे लवकर गोठते व लवकर सुटते. आमरसही तसाच ठेवता येतो. वांग्याचे भरीत गोठवून सुटवले की पाणी सोडते आणि पातीच्या कांद्याची चव जाते, त्यामुळे ते ताजेच खावे. बटाटा फोफशा होतो, दह्याची कढी फाटते. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे 18 अंशांपर्यंत जातोच असे नाही, म्हणून त्यात महिनोन्‌महिने काही ठेवू नये. पिशवीवर तारीख जरूर लिहावी.

गोठवलेला जिन्नस ओट्यावर न सुटवता आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. पुढे लागेल तेवढाच भाग काढून तापवावा. आमटी-वरणाला खळखळून उकळी यावी, कोरडे अन्न मधोमध किमान 74 अंशांपर्यंत तापावे. मायक्रोवेव्हमध्ये कडा चटका देतात आणि मध्य गार राहतो, म्हणून मध्येच काढून ढवळावे. तापवलेले पुन्हा फ्रीजमध्ये आणि पुन्हा गॅसवर, असे करू नये.

प्रश्नकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. यंदा वरण परातीतच निववते, सासूबाईंनाही ते पटले. वीज चार-पाच तास गेली, तर आतल्या अन्नाचे काय करावे?

उत्तर 1 (निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका, धुळे)

दार उघडले नाही, तर फ्रीजमधला गारवा सुमारे चार तास टिकतो. पूर्ण भरलेला स्वतंत्र फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास तग धरतो. बर्फाच्या छोट्या कप्प्याला हा हिशेब लावू नये. पाच तासांनंतर वरण, भात, दुधाचे पदार्थ आणि मांसाहार कोमट लागत असेल, तर टाकून द्यावा, चव घेऊन पाहू नये. गावाला जाणार असाल, तर वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवून त्यावर एक नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे आणि पुरणासकट तो कप्पा रिकामा करावा.